शेवटच्या खोलीचं पाणी

"खोली बघायला गेलीस की आधी नळ सोडायचा," अण्णांनी मला एसटीत बसवताना सांगितलं. "भिंती, फरशी, खिडकी, सगळं नंतर. आधी नळ. आणि बघितलं की मला फोन करायचा."

माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावात नगरपंचायतीचं पाणी सोडतात. सायकलच्या दांड्याला लांब लोखंडी चावी बांधून ते पहाटे निघतात, रस्त्यातल्या खड्ड्यात वाकून व्हॉल्व्ह उघडतात, तासाभराने बंद करतात आणि पुढच्या गल्लीकडे जातात. लोक त्यांना शिव्या देतात आणि चहाही पाजतात, कधी कधी एकाच सकाळी, एकाच ओट्यावर. गावातली प्रत्येक गल्ली त्यांना पाण्यावरून माहीत आहे. कुणी म्हणालं की अमकी गल्ली फार चांगल्या माणसांची, तर अण्णा विचारतात, "शेवटच्या घराला पाणी मिळतं का?" कारण लाइनीवर आधी लागणारी घरं नळाला मोटर लावून पाणी ओढतात आणि शेवटच्या घरातली बाई रिकामा हंडा पुढ्यात घेऊन बसते. मोटर लावायला बंदी असते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक लावतात.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाल्यावर रक्त तपासण्याचा कोर्स केला आणि ठाण्यात, नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये मला नोकरी लागली. पेढे वाटले गेले, पण जायच्या आदल्या दिवशी अण्णांनी अट सांगितली. महिनाभर कल्याणला आईच्या मावसबहिणीकडे राहायचं. तेवढ्यात राहण्यासारखी जागा मिळाली आणि ती त्यांना पटली, तर नोकरी. नाहीतर परत यायचं. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांनी शब्द टाकून ठेवला होता. महिन्याचीच मुदत का, तर मावशीची सून बाळंतपणाहून परत येणार होती आणि मी झोपायचे तिथे पाळणा लागणार होता.

मला परत जायचं नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात दिवसाला चार-पाच जणांचं रक्त घ्यायचं आणि उरलेला वेळ केसपेपर फाडायचे, हे मी सुट्टीत केलेलं होतं. इथे पहिल्याच आठवड्यात लॅबमधल्या सीनियर ताईंनी मला मशीनवर बसवलं, चुकले तर पुन्हा करायला लावलं आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. सहा महिन्यांत तू मला शिकवशील." हे वाक्य मी रात्री डायरीत लिहून ठेवलं होतं. असं मला आधी कुणी म्हणालेलं नव्हतं.

माझं मुख्य काम सकाळचं. सहाला लॅबमध्ये हजर व्हायचं, बॅग घ्यायची आणि घरोघरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त आणायचं. या कामामुळे मला ठाणं जसं दिसलं तसं फार थोड्यांना दिसत असेल. पहाटे दार उघडणारी माणसं विस्कटलेली असतात, चहा न मिळाल्यामुळे चिडलेली असतात. घर आवरलेलं नसतं. दिवाणखान्यात गाद्या पसरलेल्या, टेबलावर रात्रीची वाटी, कोपऱ्यात कुणाचे तरी बूट. मी हाताला पट्टा बांधून नस शोधत असते आणि ती माणसं तोंड दुसरीकडे करून काहीबाही बोलत असतात, सुई टोचेल तिकडे लक्ष जाऊ नये म्हणून. त्या दोन मिनिटांत घर कळतं. नवरा-बायको एकमेकांशी कसे बोलतात, म्हाताऱ्या माणसाला उठून बसायला कुणी हात देतं का, हे सगळं. एखादं घर आवडलं की मला वाटायचं, याच इमारतीत एक खोली मिळाली तर.

नौपाड्यात जागा बघायला मी सगळ्यात आधी गेले, कारण तिथून कामाला चालत जाता आलं असतं. एका जुन्या इमारतीत मुलींना ठेवून घेणाऱ्या एक बाई होत्या. एका खोलीत तीन खाटा, स्वच्छ चादरी, खिडकीत तुळस. मी विचारलं, "नळ सोडून बघू का?"

"नळ?" बाई म्हणाल्या. "नळात काय बघायचंय? पाणीच येतं आमच्याकडे."

पाणी खरंच आलं, भरपूर आलं. मग त्यांनी नियम सांगितले. स्वयंपाक करायचा नाही, कपडे फक्त रविवारी वाळत घालायचे आणि पुरुषमाणूस वर आणायचा नाही.

"वडील आले तर?"

"खाली बाकडं आहे ना," त्या म्हणाल्या.

मी अण्णांना फोनवर सगळं सांगितलं, बाकड्याचंही. ते म्हणाले, "माझं काय, मी बसेन बाकड्यावर." पण मला ते चित्र नको होतं. आठ तास एसटीने येऊन बाकड्यावर बसलेले अण्णा, मांडीवर आईने दिलेली पिशवी, आणि मी पायऱ्यांवर उभी. मी बाईंना नंतर कळवते म्हणाले आणि कळवलं नाही.

दुसरी जागा शीळफाट्याच्या बाजूला होती. नवा टॉवर, चौदावा मजला, लॅबमधल्याच एका मुलीच्या दोन मैत्रिणी तिथे राहत होत्या आणि त्यांना तिसरी हवी होती. लिफ्टमध्ये आरसा होता. बाल्कनीतून लांबवर डोंगर दिसायचा आणि खाली रस्त्यावर कंटेनर रांगेत उभे असायचे. मुली चांगल्या होत्या, मला त्यांनी मॅगी करून दिली. पण पहाटे पाचच्या आत तिथून निघायला रिक्षा मिळेल का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आणि खाली गेटपाशी जाड पाइप लावून टँकर रिकामा होत होता.

"टँकर?" अण्णा फोनवर म्हणाले. "रोज?"

"दिवसातून चार येतात म्हणाल्या."

"पोरी, टँकरच्या गावात आपल्याकडं कुणी लेक देत नाही. आणि तू म्हणतीस तिथं राहायला जाते."

"अण्णा, मला तिथे लग्न करून जायचं नाहीये."

"तेच म्हणतोय. लग्न करून गेलीस तर निदान नवरा पाणी भरंल."

मागून आईच्या हसण्याचा आवाज आला. मी पण हसले, पण त्या दिवशी महिन्यातले एकोणीस दिवस संपले होते.

ठाकुर्लीची खोली सीनियर ताईंनी सुचवली. त्या डोंबिवलीच्या. म्हणाल्या, "जुनी बिल्डिंग आहे, काही भपका नाही. पण स्टेशनला चालत जाशील आणि सकाळची गाडी रिकामी असते." मी रविवारी दुपारी चारला तिथे पोचले. दुसरा मजला, लांब गॅलरी, एका रांगेत चार खोल्या, आणि चौथी, शेवटची, रिकामी. मालक नाशिकला राहायचे. किल्ली शेजारच्या तिसऱ्या खोलीतल्या काकूंकडे होती. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा घोडबंदर रोडला. "तिथे छान आहे सगळं," त्या म्हणाल्या, "पण लिफ्टमध्ये माणसं भिंतीशी बोलल्यासारखी उभी राहतात."

मला ती गॅलरी आवडली. तिन्ही खोल्यांची दारं उघडी होती. पहिल्या खोलीतले गृहस्थ दारातच स्टुलावर बसून इस्त्री करत होते आणि मधल्या खोलीतून कुणीतरी त्यांना कोड्यातला शब्द विचारत होतं. काकूंनी मला आधी बसवलं, तांब्या-भांडं पुढे ठेवलं आणि चौकशी सुरू केली. कुठली, शिक्षण काय, काम काय. रक्त घेते म्हटल्यावर त्यांनी लगेच बाही वर केली आणि म्हणाल्या, "माझी नस कुणालाच सापडत नाही, बघ बरं." मी बोटाने दाबून दाखवली. त्या खूश झाल्या.

"आणि वडील काय करतात?"

"पाणीपुरवठा खात्यात आहेत," मी म्हणाले.

"अरे वा. इंजिनिअर?"

मी भांडं तोंडाला लावलं आणि "हं" असा आवाज केला.

हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी नेहमी नुसतं 'नोकरी' लिहायचे. पण ते गप्प बसणं होतं. या वेळी मी चक्क मान हलवली. मला वाटलं, या शिकलेल्या बाई आहेत, मालक यांचं ऐकतात, खोली द्यायची की नाही हे यांच्या मनावर आहे. मला भीती वाटली. ते बरोबर होतं असं मी आजही म्हणत नाही.

मग मी खोली बघितली. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड होतं, हात लांब केला तर शेंग मिळेल इतकं जवळ. भाडं माझ्या आवाक्यातलं होतं. इतकं आवाक्यातलं का, असं मी विचारायला हवं होतं. नळ सोडला तर नुसती हवा आली.

"आत्ता कुठलं?" काकू म्हणाल्या. "पाणी पावणेसहाला येतं, पावणेसातला जातं. दिवसातून एकदाच. वेळेवर मात्र अगदी."

मी अण्णांना सांगितलं, "वेळेवर येतं."

"तू बघितलंस येताना?"

"नाही, पण..."

"मग जागा बघितली कुठं?" ते म्हणाले. "मी शनिवारी येतो. रात्री तिथंच झोपू. पाणी आल्याबिगर काही सांगता यायचं नाही."

अण्णा शनिवारी संध्याकाळी आले. माझ्या पदवीदानाला शिवलेला पांढरा शर्ट घालून, एका हातात आईने दिलेल्या भाकऱ्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात त्यांची कापडी थैली, जिच्यात पाना, पक्कड आणि नळाला गुंडाळायची पांढरी टेप असते. काकू गॅलरीतच उभ्या होत्या.

"या, या," त्या म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही स्वतः आलात. सकाळी जरा आमच्या पाण्याचं बघा. दुसऱ्या मजल्यावर चढतच नाही नीट. तुम्हाला यातलं कळतं."

"बघू की," अण्णा खुशीत म्हणाले. मी काकूंना सगळं सांगून ठेवलं असेल, असंच त्यांना वाटलं असणार. खोलीत आल्यावर म्हणाले, "चांगली बाई आहे. माझ्या कामाला मान देती." मी भाकऱ्यांची पिशवी सोडली. आम्ही चटईवर बसून भाकरी खाल्ली आणि अण्णा लगेच झोपले. पहाटे उठणारी माणसं झोपही लवकर घेतात.

खरी अडचण मला पहाटे बूट घालताना कळली. रविवारी लॅबला सगळ्यात जास्त काम असतं, कारण त्या दिवशी माणसं घरी असतात. मला पाचला निघणं भाग होतं. पाणी पावणेसहाला येणार होतं. म्हणजे अण्णा पाणी बघणार तेव्हा मी नसणार. आणि काकू उठून अण्णांशी बोलणार तेव्हाही मी नसणार. दारात उभी राहून मी म्हणाले, "अण्णा, त्या काकूंना वाटतं..."

"काय?"

"काही नाही. चहा स्टेशनजवळ मिळतो."

"जा तू. गाडी चुकंल."

सव्वासहाच्या सुमाराला मी नौपाड्यात एका आजोबांकडे होते. त्यांचं रक्त दर आठवड्याला घ्यावं लागतं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी पट्टा बांधला, सुई नसेत गेली आणि तेवढ्यात बॅगेत फोन थरथरू लागला. पडद्यावर 'अण्णा' दिसत होतं. सुई हातात असताना फोन घ्यायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. फोन वाजून बंद झाला. लगेच पुन्हा वाजला.

"घ्या की," आजोबा म्हणाले.

"नाही. झालं की घेते."

"आज हात जरा गार आहे तुमचा. काय झालंय?"

मी कापूस दाबून धरायला दिला आणि थोडक्यात सांगितलं. वडील जागा बघायला आलेत, पटली नाही तर मला गावी जावं लागेल. आजोबा हसायला लागले. "माझे सासरे माझी जागा बघायला आलेले, तेव्हा त्यांनी खोलीपासून संडासापर्यंतची पावलं मोजली होती. सगळ्यांसमोर."

"मग?"

"चौतीस. पास झालो. आता चहा पिऊ का, ते सांगा."

जिन्यात उभी राहून मी अण्णांना फोन केला. उचलला नाही. पुढच्या घराच्या खाली केला, तरी नाही. त्या सकाळी मी अकरा घरं केली आणि प्रत्येक घरी बेल वाजवताना माझ्या डोक्यात एकच चालू होतं. एक तर पाणी आलेलं नाही, किंवा काकूंना सगळं कळलंय, किंवा दोन्ही. बाराला सुटले तेव्हा मी कल्याणला जाऊन बांधायच्या सामानाचा विचार करत होते. सीनियर ताईंना काय सांगायचं तेही मी मनात तयार केलं होतं.

ठाकुर्लीच्या गॅलरीत पाय ठेवला तर फरशी ओली होती. माझ्या खोलीच्या दारात दोन बादल्या, एक पातेलं, एक कळशी आणि एक मोठा डबा, सगळं काठोकाठ भरलेलं. पातेलं सोडलं तर यातलं एकही भांडं आमचं नव्हतं. काकूंचं दार उघडं होतं आणि आत अण्णा खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते.

"आलीस?" ते म्हणाले. "फोन का नाही उचललास?"

"हातात सुई होती."

"बघा," ते काकूंना म्हणाले, "सांगितलं होतं ना मी. हातात सुई असली की ही बापाचा फोन घेत नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

"आणि तुम्ही का नाही उचललात?"

"माझ्या हातात बादली होती."

काकू माझ्याकडे बघत होत्या. शाळेत असतील तशाच बघत असाव्यात. "बस," त्या म्हणाल्या. "आधी मला सांग, तू मला वडील काय करतात म्हणून सांगितलंस?"

अण्णांनी बशी खाली ठेवली.

"खात्यातच आहे की मी," ते म्हणाले. "तिनं खोटं कुठं सांगितलं? खात्यात सगळ्यात खाली. खड्ड्यात."

"ही इंजिनिअर म्हणाली."

"मी म्हणाले नाही," मी पुटपुटले. "तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणाले नाही."

"शाळेतली पोरंही असंच सांगायची," काकू म्हणाल्या. आणि मग त्यांना हसू आलं. "अगं, इंजिनिअर तीन येऊन गेले या बिल्डिंगमध्ये. दोघांनी नवी टाकी बांधायला सांगितली आणि तिसऱ्याने बिल्डिंगच पाडायला. पाणी काही कुणाला आणता आलं नाही."

सकाळी काय झालं ते मग दोघांनी मिळून सांगितलं. पावणेसहाला लाइन आली, पण आमच्या नळाला करंगळीएवढी धार. अण्णा दोन मिनिटं थांबले. मग त्यांनी गॅलरीतल्या पाइपला कान लावला. पाइप थरथरत होता. हा आवाज ते आयुष्यभर ऐकत आलेत. मोटर चालू होती आणि ती शेजारच्या, तिसऱ्या खोलीत होती.

गावात अशी मोटर सापडली की काय होतं ते मी लहानपणापासून बघितलंय. भांडण, आरडाओरडा, नगरसेवकाला फोन, अण्णांनाच उलट दमदाटी. इथे त्यांनी काय केलं, तर आईने कालवण भरून दिलेलं, आता रिकामं झालेलं पातेलं उचललं आणि काकूंचं दार वाजवलं. "बाई, एक पातेलं पाणी मिळंल का? पोरीच्या खोलीत येईना झालंय."

"मी दारात उभी," काकू म्हणाल्या, "मागे न्हाणीत ती मोटर गुरगुरतेय, आणि हे पातेलं घेऊन उभे. मला वाटलं, हे पाणी खात्यातले साहेब, आता पंचनामाच करतील. पण मोटरचं नावच काढेनात. नुसतं पातेलं पुढे केलेलं." त्यांनी न्हाणीकडे हात केला. "मी आत गेले आणि बटण बंद केलं."

"आणि हिकडं धो धो," अण्णा म्हणाले. "भांडी कमी पडली. यांचीच आणून भरली, आणि भरता भरता माझ्या चावीची नि व्हॉल्व्हची गोष्ट निघाली. तेव्हा तुला फोन लावला, पाणी बघ म्हणावं."

"चार वर्षं झाली लावून," काकू मला म्हणाल्या. "गुडघ्यांमुळे मला बादल्या लवकर भरून व्हायला हव्यात. शेवटच्या खोलीतून तीन भाडेकरू गेले पाणी नाही म्हणून. मी मालकांना सांगायचे, पाइप जुना झालाय. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्याचा विचार करत नव्हते, एवढंच."

दहा मिनिटांपूर्वी मी या बाईंसमोर खोटी ठरून बसले होते आणि आता त्या माझ्यासमोर मान खाली घालून बसल्या होत्या. अण्णांना या दोन्ही गोष्टींचं फारसं काही वाटत नव्हतं. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"मोटर काढू नका," ते म्हणाले. "तुमचे गुडघे दुखतात. सव्वासहानंतर लावा. मोटर बंद असली तर अर्ध्या तासात हिचं एक पिंप भरंल एवढं पाणी येतं, मी बघितलंय. मग राहिलेला अर्धा तास तुमचा. फक्त हिचा प्रश्न आहे. ही पाचला जाती. पावणेसहाला नळ सोडणार कोण?"

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. पाण्याच्या घरातली मुलगी मी, आणि पाणी येतं की नाही एवढंच विचारत फिरले. पाणी येईल तेव्हा मी कुठे असेन, हे एकदाही मनात आलं नाही.

"मीच सोडेन," काकू म्हणाल्या. "मला पाचला जाग येते आणि मग करायला काही नसतं. किल्ली आहेच माझ्याकडे."

अण्णांनी चहा संपवला, बशी विसळून ठेवली आणि मला म्हणाले, "चल खाली."

जिना उतरून आम्ही गेटपाशी आलो. मी म्हणाले, "अण्णा, रागावलात?"

"कशाचा?"

"इंजिनिअरचा."

ते थोडं चालले. "कॉलेजच्या फॉर्मवर तू नुसतं नोकरी लिहायचीस, ते मला माहीत होतं. सही कुणी केली होती?" मग म्हणाले, "पण घरी आईला सांगू नको. तिला वाटंल खरंच बढती मिळाली, आणि साडी मागंल."

मला रडू आलं आणि हसूही आलं. रस्त्यावर एका भाजीवालीने माझ्याकडे बघितलं. "मग खोलीचं काय?" मी विचारलं.

"मोटर लावणारी माणसं समद्या गावात आहेत," अण्णा म्हणाले. "मागितल्यावर बंद करणारी मी फार बघितली नाहीत. पिंपं कुठं मिळतात हिकडं?"

आम्ही डोंबिवलीत जाऊन झाकणाचं निळं पिंप घेतलं. रिक्षावाला पिंप बघून नाही म्हणाला, दुसराही नाही म्हणाला, तेव्हा अण्णांनी ते सरळ खांद्यावर घेतलं आणि पांढऱ्या शर्टात ठाकुर्लीपर्यंत चालत आणलं. मी मागून झाकण घेऊन. वर आल्यावर त्यांनी नळाचा वायसर बदलला, टेप गुंडाळली आणि पिंप भिंतीपासून किती इंच लांब ठेवायचं ते काकूंना दाखवलं. काकूंनी खडूने फरशीवर खूण केली. संध्याकाळच्या गाडीने अण्णा गेले, कारण सोमवारी पहाटे त्यांची पाळी होती.

त्याच आठवड्यात भाडेकराराबरोबर पोलीस ठाण्याचा फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी लिहिलं, 'नगरपंचायतीत पाणी सोडतात'. रकाना लहान होता, शेवटचा शब्द कडेला चढला. काकूंनी साक्षीदाराची सही करताना तो वाचला आणि फक्त म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे."

आता मला इथे राहून दोन वर्षं झाली. मशीनवर मी एकटीने काम करते. नवीन आलेल्या मुलींना नस शोधायला शिकवते, पण सकाळची घरं मी सोडलेली नाहीत. सव्वासहाला कुठल्यातरी दारात असते तेव्हा फोन एकदाच थरथरून बंद होतो. तो काकूंचा मिस्ड कॉल. पिंप भरलं, आता मी मोटर लावतेय, असा त्याचा अर्थ. मी तो उचलत नाही आणि त्या दुसऱ्यांदा करत नाहीत. दर तीन महिन्यांनी मी त्यांचं रक्त घेऊन जाते, आणि साखर वाढलेली निघाली की त्या लॅबलाच दोष देतात. मध्यंतरी त्या आठ दिवस घोडबंदरला गेल्या, तेव्हा किल्ली पहिल्या खोलीतल्या इस्त्रीवाल्या काकांकडे दिली. काकांनी पहिल्याच दिवशी नळ सोडला आणि पेपर वाचत बसले. पाणी माझ्या खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खालच्या मजल्यावर पोचलं. संध्याकाळी मी आले तर खालच्या वहिनी जिन्यातच उभ्या होत्या. "तुझ्या खोलीत पाणी येत नाही म्हणायचे ना गं सगळे?"

अण्णा रोज संध्याकाळी फोन करतात. जेवलीस का हे आई विचारते. अण्णांचा प्रश्न पाण्याचा असतो आणि मी त्या दिवशी त्यांना हेही सांगितलं की पाणी खालच्या मजल्यापर्यंत गेलं.

"म्हणजे शेवटच्या घराच्याही पुढं," ते म्हणाले, आणि मागे वळून आईला मोठ्याने सांगायला लागले.